फियाटच्या पुढच्या चाकांचा प्रश्न

१९६६ साली फियाटने इटलीत आपल्या ११०० या मोटारीची शेवटची आवृत्ती काढली. नाव ११०० आर. इंजिन १०८९ सीसीचं, अंगकाठी जवळपास तीच. पण पुढच्या चाकांवरचे ड्रम जाऊन तिथे डिस्क ब्रेक आले होते. त्याच वर्षी आलेल्या फियाट १२४ ला तर चारही चाकांवर डिस्क होत्या. आपल्याकडे कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र त्याआधीची ११०० डी बनवत होती आणि बनवत राहिली. आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशा पाट्या बदलत गेल्या, पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. ब्रेक तेवढे राहिले. विसावं शतक सरेपर्यंत बहुतेक सगळ्या गाड्या चारही चाकांवर ड्रम घेऊनच कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्या. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला तयार असताना ब्रेक सुधारण्याची घाई कोणाला असणार?

ती घाई आता मालकांना झाली आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी संपली, घरच्या गाड्या उरल्या. वडिलांची किंवा आजोबांची फियाट गंज काढून, पत्रा मारून, रंग देऊन नव्याने उभी करणारी माणसं मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत भेटतात. आणि या कामात एका टप्प्यावर, बहुधा पुढचं सस्पेन्शन उतरवून जमिनीवर मांडलेलं असताना, कोणी तरी म्हणतंच : सगळं उघडलंच आहे, तर पुढे डिस्क टाकू या का?

यावर ‘टाकाच’ म्हणणारे आणि ‘गाडीला हात लावाल तर खबरदार’ म्हणणारे असे दोन गट आहेत. माझ्या मते दोघेही प्रश्नाच्या मधल्या भागापासून सुरुवात करतात. डिस्कची पाळी येते ती चौथ्या-पाचव्या पायरीला. तिच्या आधीच्या पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्या गाळल्या जातात.

आधी डिस्क नेमकं काय देते ते पाहू. गाडी शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर थांबते. कोरड्या डांबरावर हे घर्षण बरं असेल, म्हणजे गुणांक ०.८ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक पूर्ण लागल्यापासून साधारण १८ मीटरवर थांबते आणि १०० च्या वेगातली ४९ मीटरवर. यापेक्षा जवळ थांबणं टायरलाच शक्य नाही. आता नीट जुळवलेला ड्रम ब्रेकही थंड असताना चाक जाम करू शकतो. ज्याचा ड्रम चाक जाम करतो, त्याच्या गाडीचं पहिल्या ब्रेकचं अंतर डिस्कने कमी होणार नाही. भरपूर खर्च करून डिस्क बसवलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, पण गणित तसंच आहे.

फरक पडतो तो दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या ब्रेकला. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. गाडी आणि माणसं मिळून हजार किलो धरली, तर ताशी १०० च्या वेगातून थांबताना सुमारे ३ लाख ८६ हजार ज्यूल उष्णता तयार होते. ६० च्या वेगाच्या पावणेतीन पट. हे झालं सपाटीवर. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. तेवढ्या उतारात गुरुत्वाकर्षण त्याच गाडीला ४९ लाख ज्यूल देतं, म्हणजे शंभरच्या वेगातून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा. त्यातली काही इंजिन खातं, काही हवा खाते. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरला तर बरीचशी इंजिनावर जाते. पण टॉपमध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकवत उतरणाऱ्याची सगळी भिस्त त्या चार बंद डब्यांवर असते.

ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो, त्यामुळे पॅडल खाली खाली जाऊ लागतं. लायनरचं घर्षणही उष्णतेने घटतं. त्यात ड्रमची एक मूळची खोड आहे. ज्या शूला चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप आत ओढलं जातं, तो स्वतःचा जोर स्वतःच वाढवतो. थंड असताना हा फुकटचा जोर वरदान ठरतो, बूस्टरशिवाय गाडी थांबते. पण घर्षण थोडं जरी घटलं तरी तो वाढीव जोर त्याहून जास्त प्रमाणात घटतो, आणि ब्रेक अचानक ‘गेल्या’सारखा वाटतो. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच जाड होते, उघड्यावर असल्याने लवकर निवते, आणि तिच्यात हा आपोआप वाढणारा जोर नसल्यामुळे घर्षण जितकं कमी होईल तितकाच ब्रेक कमी होतो. पायाला आधी कळतं, सावरायला वेळ मिळतो.

दुसरा फायदा पावसाळ्यातला. तुंबलेल्या रस्त्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं आणि पुढचे काही ब्रेक नावालाच लागतात. तेही दोन्ही बाजूंना सारखे नाही, त्यामुळे गाडी एकीकडे ओढते. डिस्क पाणी फेकून देते. जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांची भूमिती अशी असते की डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक थेट स्टिअरिंगवर येतो. म्हणून मला विचाराल तर डिस्कचं सगळ्यात मोठं देणं थांबण्याचं अंतर कमी करणं नाहीच. सरळ रेषेत, दर वेळी सारखं थांबणं हे आहे.

हे काही नव्याने कळलेलं नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं, आणि फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रमही त्याच सुमाराचा. डिस्कला धातू, पॅडचा माल आणि हायड्रॉलिक दाब या तिन्ही गोष्टी जुळून येईपर्यंत अर्धं शतक वाट पाहावी लागली. १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची शर्यत जिंकली, १९५५ मध्ये सित्रोएन डीएस आली, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढे डिस्क मिळाल्या. साठच्या दशकात युरोपातल्या मध्यम मोटारींनी पुढच्या चाकांसाठी हा मार्ग धरला. आपल्याकडे साध्या घरात डिस्क ब्रेक पोहोचला तो मारुती ८०० मधून, म्हणजे ऐंशीच्या दशकात.

आता पहिल्या पायरीकडे. डिस्क हवी म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीचा ड्रम आजवर नीट दुरुस्त झालेला असतो का? बहुधा नसतो. चाळीस वर्षं ज्याला जसं जमलं तसं चालवलेलं असतं. ड्रम दर लायनर-बदलाला लेथवर टर्न करून इतका पातळ केलेला असतो की तो तापायला आणि फुगायला वेळ लागत नाही. कुठे ड्रम गोल राहिलेला नसतो, त्यामुळे पॅडल पायाखाली धडधडतं. डाव्या बाजूचा ड्रम उजव्यापेक्षा मोठा झालेला असतो. आणि ड्रम मोठा झाला तरी शू त्याच्या नव्या गोलाईला घासून बसवलेला नसतो. मग लायनर मधोमध तेवढा टेकतो, दोन्ही टोकं हवेत. असा ब्रेक पॅडल दाबून दाबून लागतो आणि मालक म्हणतो, ड्रम ब्रेक असेच असतात.

लायनरचा मालही बदलला आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. आरोग्यासाठी ते घातकच होतं, आणि म्हणून जुना ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं हा मूर्खपणा आहे, ओल्या फडक्याने पुसावी. पण थंड असताना ते मऊपणे धरायचं. आज अॅस्बेस्टॉसरहित म्हणून जो कडक लायनर सर्रास चिकटवून मिळतो, तो जड गाड्यांसाठीचा असेल तर छोट्या फियाटच्या ड्रममध्ये तो कधी पुरेसा तापतच नाही. थंडपणी गुळगुळीत राहतो. लायनर बसवून देणाऱ्याला गाडीचं वजन आणि वापर सांगून मऊ माल मागणं हा सगळ्यात स्वस्त ‘अपग्रेड’ आहे.

त्यानंतर रबर. व्हील सिलिंडरचे कप, त्यांच्या आतल्या भिंतीवरचे गंजाचे खड्डे, आणि होज पाइप. होजचा दोष फसवा असतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतलं रबर फुगून नळी जवळपास बंद झालेली असते. दाबाने ऑइल पुढे जातं, परत यायला मात्र वेळ लावतं. मग एका चाकाचा ब्रेक धरून राहतो, ते चाक तापतं, गाडी ओढते, आणि मेकॅनिक शूमध्ये दोष शोधत बसतो. रिस्टोरेशनमध्ये लवचिक होज सगळेच्या सगळे बदलावेत, यात दुमत असू नये.

ब्रेक ऑइलबद्दल एवढंच, की नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी धरल्यावर तो १४० पर्यंत चालवून घेतला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत कोणत्या बाजूचा आकडा लागू होईल हे सांगायला नको. घाटात ऑइल उकळून पाइपमध्ये वाफ झाली की पॅडल थेट जमिनीला टेकतं, मग पुढे डिस्क असो वा ड्रम. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, पण ते या दोघांत मिसळत नाही. संपूर्ण यंत्रणा नवी असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

पुढची पायरी मला डिस्कहूनही महत्त्वाची वाटते. ११०० डी च्या पिढीच्या गाड्यांत चारही चाकांचं हायड्रॉलिक सर्किट एकच असायचं. एक होज फुटला, एक कप गळला, की चारही ब्रेक गेले. उरतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं, ते याच कारणासाठी. दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवून पुढच्या आणि मागच्या चाकांचे पाइप वेगळे केले, तर गाडीचं रूप तसूभरही बदलत नाही आणि तिची सगळ्यात धोकादायक त्रुटी जाते. एकेरी सर्किटवर डिस्क लावून मिरवणाऱ्या गाडीपेक्षा दुहेरी सर्किटवर ड्रम असलेल्या गाडीत मी जास्त निर्धास्त बसेन.

एवढं करून झाल्यावर पुष्कळ गाड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला फेरी आणि वर्षातून एखादी रॅली, एवढाच वापर असेल तर डिस्कचं कारण उरत नाही. पण गाडी एक्स्प्रेस-वेवर शंभरच्या वेगाच्या रहदारीत जाणार असेल, घाट उतरणार असेल, किंवा इंजिन बदलून ताकद वाढवली असेल, तर पुढच्या डिस्कचा विचार योग्य आहे. पुढच्याच, कारण ब्रेक लागताना वजन पुढे सरकतं. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरला, तर जोरदार ब्रेकमध्ये गाडीच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. थांबवण्याचं बहुतेक काम पुढेच होतं.

मग डिस्क आणायची कुठून? जगभरच्या जुन्या गाड्यांच्या अनुभवातून एक नियम निघतो : त्याच घराण्यातल्या पुढच्या गाडीकडे आधी पाहा. मॉरिस मायनरला पुढचं सस्पेन्शन ज्या धाटणीचं होतं, तीच धाटणी ब्रिटिश लेलँडने सत्तरच्या दशकात मरीनाला वापरली. म्हणून मायनरवाले मरीनाच्या डिस्क आणतात आणि त्या फार कापाकापी न करता बसतात. फोक्सवॅगन बीटलला १९६६ मध्ये १५०० इंजिनाबरोबर पुढे डिस्क आल्या, त्याच जुन्या बीटलवर जातात. फोर्ड मस्टँगला साठच्या दशकातच कारखान्यातून डिस्कचा पर्याय होता. आपल्याकडे इसुझू इंजिनाच्या अॅम्बेसेडरमध्ये पुढच्या डिस्क मिळू लागल्या आणि जुन्या मार्क मालिकेच्या मालकांना घरातलाच दाता सापडला. या सगळ्या बदलांचं बळ असं, की हब, बेअरिंग, ब्रेकचा आकार आणि गाडीचं वजन यांचं गणित कारखान्यातल्या अभियंत्यांनी आधीच केलेलं असतं.

फियाटवाल्याचं दुर्दैव इथेच आहे. तिचा खरा दाता म्हणजे ११०० आर, आणि ती इटलीत १९६९ पर्यंतच बनली. तिचे भाग मिळाले तर उत्तम. शोधण्याची चिकाटी असेल त्याने जरूर शोधावेत. पण नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जे मिळतं ते मारुतीचं, ह्युंदाईचं, टाटाचं. त्यामुळे इथे डिस्क बसवणं म्हणजे परक्या गाडीचा कॅलिपर आणि रोटर स्वतः बनवलेल्या ब्रॅकेटवर बसवणं. इथून पुढे काम मेकॅनिकच्या हातातून निघून अभियंत्याच्या वहीत गेलं पाहिजे. दुर्दैवाने ते बहुतेकदा वेल्डरच्या हातात जातं.

पहिला मोह मारुती ८०० च्या ब्रेकचा. स्वस्त, मुबलक, लहान. पण ती गाडी साधारण ६५० किलोची आणि १२ इंची चाकांची; पद्मिनी ९०० किलोच्या आसपास आणि १४ इंची चाकांची. लहान रोटर मोठ्या चाकाला थांबवायला जास्त जोर मागतो आणि लवकर तापतो. म्हणजे ज्या उष्णतेसाठी ड्रम काढला, तीच अडचण नव्या रूपात परत. दाता गाडी फियाटइतकी किंवा तिच्याहून जड असावी, आणि १४ इंची रिममध्ये मावेल तेवढा मोठा रोटर घ्यावा. चाक चढवून कॅलिपर आणि रिम यांच्यामध्ये सगळीकडे फट राहते का, ते हाताने फिरवून पाहावं; चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचं माप जुळत नाही म्हणून हबला नवी भोकं पाडणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहावं. डिस्कमुळे चाक बाहेर सरकतं का तेही पाहिलं पाहिजे. थोडं सरकलं तरी स्टिअरिंग जड होतं आणि व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो.

ब्रॅकेटवर किती जोर येतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. हजार किलोची गाडी जोरात थांबवताना, सत्तर टक्के काम पुढची चाकं करतात असं धरलं, तर पुढच्या एका टायरवर सुमारे २७०० न्यूटन बल येतं. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर आणि पॅड मध्यापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर कॅलिपरला फिरवून नेऊ पाहणारा जोर जवळपास ८००० न्यूटन, म्हणजे ८०० किलोच्या आसपास होतो. एका अख्ख्या मारुतीपेक्षा जास्त वजन त्या दोन बोल्टांना टांगल्यासारखं. तेही खड्ड्यांच्या हादऱ्यांसह, हजारो वेळा. म्हणून ब्रॅकेट जाड पोलादी प्लेटमधून कापलेलं, कोपरे गोल केलेलं, आणि स्टब अॅक्सलच्या मूळ भोकांना उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळलेलं हवं. घडवलेल्या स्टब अॅक्सलला वेल्डिंग करणं हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव गुन्हा आहे ज्याला मी क्षमा करणार नाही. वेल्डच्या आजूबाजूचा धातू ठिसूळ होतो आणि तुटतो तेव्हा ब्रेकबरोबर चाकही जातं. बोल्टला लॉकिंगही हवं. नुसता स्प्रिंग वॉशर पुरत नाही.

कॅलिपर बसवताना होणारी एक चूक तर जगभर सारखी आहे. कॅलिपर अॅक्सलच्या पुढे बसवायचा की मागे, या फिरवाफिरवीत डाव्याचा उजवा होतो आणि एअर काढायचा निप्पल खाली येतो. हवा वर जाते, निप्पल खाली; मग कितीही बाटल्या ऑइल ओता, पॅडल स्पंजासारखं मऊच. निप्पल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या बिंदूला आहे ना, हे पाहायला काही सेकंद लागतात.

आता हायड्रॉलिक. ड्रमचा मास्टर सिलिंडर डिस्कला तसाच चालत नाही, आणि याची कारणं दोन. डिस्कला आपोआप वाढणारा जोर नसतो, म्हणून दाब जास्त लागतो. आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्यामुळे ऑइल जास्त सरकावं लागतं. मास्टर सिलिंडरचा बोअर वाढवला तर ऑइल पुरतं पण पाय जड होतो. कमी केला तर पाय हलका होतो पण पॅडल लांब जातं. या तडजोडीतून सुटायला लोक बूस्टर लावतात. बूस्टर पायाचे कष्ट वाचवतो, बस. ब्रेकची उष्णता झेलण्याची क्षमता त्याने वाढत नाही. बूस्टरने वाढलेला दाब मागच्या ड्रमलाही जातो, हे विसरलं की ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी निदान सरळ जाते. म्हणून मागच्या सर्किटमध्ये दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो की नाही, हे रिकाम्या मैदानात, कमी वेगात, ओल्या जमिनीवर तपासूनच ठरवावं.

एक बारीक भाग बहुतेक वर्कशॉपच्या ध्यानात येत नाही. ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक चेक व्हॉल्व्ह असतो. पॅडल सोडल्यावरही तो पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, चौरस इंचाला दहा पौंडांच्या आसपास. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंग शू मागे खेचतात, त्यामुळे हा दाब अपाय करत नाही, उलट कप पसरलेले ठेवतो. डिस्कला मात्र तशी स्प्रिंग नसते. तोच दाब तिथे राहिला की पॅड सतत घासत राहतात, रोटर तापतो, मायलेज घटतं, आणि मालक पॅडचा दर्जा वाईट म्हणून दुकानदाराशी भांडतो. डिस्कच्या सर्किटमधला हा व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे. अपवाद मॉरिस मायनरसारख्या गाड्यांचा. तिथे मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरच्या पातळीहूनही खाली असतो, म्हणून ऑइल मागे ओघळू नये यासाठी अगदी हलका, दोन पौंडांचा व्हॉल्व्ह ठेवतात.

पाइपांबाबत दोनच गोष्टी. दहा मिलिमीटरच्या ब्रेक नटाला १ आणि १.२५ अशा दोन पिचचे आटे असतात. चुकीचा नट दोन आटे चढतो, घट्ट वाटतो, आणि दाबाखाली निसटतो. आणि नवा होज स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, शिवाय चाक पूर्ण वर-खाली करून तपासायचा. कुठे ताणतो, कुठे टायरला घासतो ते जॅकवरच दिसतं.

इथवर सगळी यांत्रिक बाजू. पण जुन्या मोटारीचा मूळपणा ही दुसरी बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, ट्युरिन सनदेत याबद्दल समंजस भूमिका घेतली आहे. मूळ काळाबाहेरचे बदल करावेच लागले तर ते मूळ रचनेला आणि रूपाला धक्का न लावणारे असावेत, उलटवता यावेत, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत. बोल्टने बसवलेला ब्रॅकेट या कसोटीला उतरतो, वेल्ड केलेला नाही. १४ इंची मूळ पोलादी चाकं आणि क्रोमच्या टोप्या ठेवल्या तर आतली डिस्क बाहेरून दिसतही नाही. मिश्रधातूची मोठी जाळीदार चाकं लावून लाल रंगाचा कॅलिपर दाखवायचाच असेल, तर तो वेगळा छंद आहे, रिस्टोरेशन म्हणू नये. आणि पत्र्यापासून स्क्रूपर्यंत मूळ राहिलेली, कमी चाललेली एखादी ११०० मिळालीच, तर तिला हात न लावता फक्त ड्रम नीट करावेत, या बाबतीत मी कट्टर मूळवाद्यांच्या बाजूने आहे.

कायद्याची बाजू धूसर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. ब्रेक ड्रमचा की डिस्कचा हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं, इंजिन आणि चासिस क्रमांक वगैरे असतात. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आरसी बुक वाचत नाही, चाक उघडून पाहतो. म्हणून बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवणं आणि कामाची बिलं, फोटो, मापांची टिपणं फाइलमध्ये ठेवणं शहाणपणाचं. ब्रिटनमध्ये या बाबतीत नियम जास्त स्पष्ट आहे : तिथे ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळताना ‘मोठा बदल’ झालेला चालत नाही, मात्र सुरक्षितता वा कार्यक्षमता सुधारण्यासाठी अॅक्सल आणि चालत्या भागांत केलेला बदल त्यात धरत नाहीत.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली असेल, तर तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, रोजच्या वा व्यावसायिक वापराला मनाई. या यादीत ब्रेकचं नाव नाही. म्हणजे बोल्टने बसवलेली डिस्क चालेल, असा अर्थ लावायला जागा आहे, आणि ‘मूळ रूप’ या शब्दांवर बोट ठेवून ती नाकारायलाही जागा आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या १९७४ च्या. त्यांची पन्नाशी २०२४ मध्ये भरली, आणि यापुढे दर वर्षी कुर्ल्याच्या आणखी एका सालातल्या गाड्या या दारात येऊन उभ्या राहतील. तपासणीच्या दिवशी मूळ ड्रम, शू आणि बॅकप्लेट खोक्यात भरून, डावं-उजवं लिहून सोबत नेता आले, तर अधिकाऱ्याशी निदान बोलायला काही तरी हातात असेल.